प्रवासाहून परतलेला ताप

इ. स. १७४० च्या एप्रिल महिन्याच्या २८ व्या तारखेस नर्मदातीरीं रावेरखेडी येथें पहिल्या बाजीराव पेशव्यांचा अंत झाला. वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच हा पराक्रमी पुरुष गेला. आणि तोहि रणांगणावर न जातां मुक्कामावर, तापानें गेला, एवढें इतिहास सांगतो. तो ताप कोणता होता हें इतिहास सांगत नाहीं, व यापुढें सांगूं शकेल असेंहि दिसत नाहीं. वैशाखाचा वणवा, नदीकांठची छावणी, मोहिमेचा शीण, यांपैकीं ज्यास जें कारण पटेल तें त्यानें घ्यावें. पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या मृत्यूचें निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं व तशी आमची इच्छाहि नाहीं. आमचें लक्ष फक्त त्या एका शब्दाकडे आहे. जुनीं पत्रें व बखरी चाळणाऱ्यास हा शब्द पावलोपावलीं भेटतो. अमका स्वारीवर गेला, परततांना ज्वर झाला, देह ठेवला. घाट उतरून कोंकणांत गेलेले शिपाई, उत्तरेकडून परतलेले पथके, काशीयात्रेस गेलेलीं माणसें, सर्वांच्या मागें हा ताप लागलेला आहे. परंतु ताप ही रोग घरांत शिरल्याची केवळ वर्दी होय. आंत कोण शिरलें हें त्यावरून कळत नाहीं. वर्दीवरून पाहुणा ओळखण्याची विद्या मनुष्यास केव्हां व कशी साधली, आणि साधल्यावरहि ती ऐन वेळीं कां फसते, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय केवळ इतिहासाचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. लागोस येथून निघालेला प्रवासी आज एका दिवसाच्या आंत अंधेरीच्या सहार विमानतळावर उतरतो. तेथें, पीतज्वराची लस टोंचून घेतल्याचा दाखला त्याच्याजवळ आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातें. दाखला असला म्हणजे तो टॅक्सींत बसून बोरिवलीस किंवा मुलुंडास घरीं जातो. हिंवतापाचा असा दाखला कोणत्याच सरकारास मागतां येत नाहीं. कारण त्या वेळीं तो मनुष्य पूर्ण निरोगी दिसतो. संसर्ग झालेला डांस चावला म्हणजे त्याच्या लाळेंतून हिंवतापाचे जंतु रक्तांत उतरतात व अर्ध्याएक तासांतच यकृतांत दडून बसतात. तेथें ते निदान सहासात दिवस वाढतात, आणि या अवधींत रोग्यास कसलीच जाणीव होत नाहीं. त्यानंतर ते तांबड्या रक्तपेशींत शिरतात आणि तेव्हां ताप येतो. अत्यंत घातक अशा फाल्सिपेरम जातीचा ताप बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होतो. क्वचित् महिनाभरानें किंवा त्याहूनहि उशिरां. शिडाच्या गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्याहून येणें हें आठवड्यांचें काम होतें, तेव्हां हा ताप बहुधा समुद्रावरच अंगांत भरे, आणि तो कोठला हें बंदरावर उभ्या असलेल्या हमालासहि कळे. विमानानें प्रवासाचा काळ तासांवर आणला. जंतूनें मात्र आपलें जुनें वेळापत्रक बदललें नाहीं. यामुळें प्रवासाची बॅग माळ्यावर गेल्यावर, आणलेल्या वस्तु वांटून झाल्यावर, नोकरी पुन्हां सुरू झाल्यावर ताप येतो. प्रवास व ताप यांच्या मध्यें जें हें आठ-दहा दिवसांचें अंतर पडतें, त्यांतच माणसें मरतात.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं या रोगाचें एक अंग फार बारकाईनें पाहिलें होतें. चरकसंहितेंत विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पांच भेद सांगितले आहेत, आणि त्यांची विभागणी ताप किती अंतरानें येतो यावरून केलेली आहे. खेड्यांतील लोकांनीं त्यांचेच एकांतरा, तिजारा, चौथारा असे घरगुती पर्याय केले. सुश्रुतानें मशकांचेहि पांच प्रकार मोजले असून त्यांपैकीं पार्वतीय मशकाचा दंश प्राणघातक कीटकाच्या दंशासारखा मानला आहे. हिंवताप डांसांमुळें होतो हें सुश्रुतास ठाऊक होतें, असें यावरून कोणी सिद्ध करूं पाहतात. परंतु मशक एका प्रकरणांत व विषमज्वर दुसऱ्या प्रकरणांत असतां त्या दोहोंची गांठ आपण मारावयाची व श्रेय पूर्वजांस द्यावयाचें, हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांनीं जें खरोखर पाहिलें तेंच पुरेसें मोठें आहे. ताप ठराविक वेळीं येतो, थंडी वाजते, अंग भाजतें, घाम फुटून उतरतो, आणि पाळीच्या दिवशीं पुन्हां हजर होतो. ही पाळी कां, या प्रश्नाचें उत्तर इ. स. १८८५-८६ च्या सुमारास इटलींतील कामिल्लो गॉल्जी यांनीं दिलें. रक्तपेशींत वाढलेले जंतु एकाच वेळीं पेशी फोडून बाहेर पडतात, व त्याच वेळीं रोग्यास हुडहुडी भरते. एका जातीचा हा क्रम अठ्ठेचाळीस तासांचा, तर दुसरीचा बहात्तर तासांचा. म्हणून पहिला दिवस धरून मोजणाऱ्यांनीं त्यांस तृतीयक व चतुर्थक म्हटलें तें यथार्थच होतें.

परंतु याच ज्ञानांत एक सापळा आहे. फाल्सिपेरमचा ताप, विशेषतः प्रथमच ग्रासलेल्या मनुष्यांत, पाळी पाळीत नाहीं. तो कधीं दिवसभर असतो, कधीं दोनदां चढतो, कधीं हुडहुडीवांचूनच येतो. डोकें दुखतें, अंग मोडून येतें, ओकाऱ्या होतात, कोणास जुलाब होतात, कोणास खोकला येतो. थंडी वाजून एक दिवसाआड येतो तोच हिंवताप, अशी ज्याची पक्की समजूत आहे तो वैद्य असो वा घरांतील वडील माणूस असो, पाळीची वाट पाहत बसतो; आणि हा रोग वाट पाहणाऱ्यास फार वेळ देत नाहीं.

तापाच्या वर्णनावरून रोग ओळखण्याची पद्धति मागें पडून रक्तांत तो प्रत्यक्ष पाहण्याची पद्धति आली ती इ. स. १८८० सालीं. अल्जीरियांतील कॉन्स्टन्टाइन येथें फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनीं त्या वर्षीं नोव्हेंबरच्या ६ व्या तारखेस एका सैनिकाच्या रक्तांत हिंवतापाचा जंतु हालतांना पाहिला. हा जंतु येतो कोठून, याचा उलगडा हिंदुस्थानांत झाला. अलमोड्यास जन्मलेले रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या जठराच्या भिंतींत हे जंतु पाहिले. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांचें संपूर्ण चक्र लाविलें. या शोधापूर्वीं कांहीं महिने नीलगिरींत शोधार्थ हिंडतांना स्वतः रॉसनाच हिंवतापानें गांठलें होतें, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इ. स. १९०० मध्यें त्यांचे गुरु पॅट्रिक मॅन्सन यांनीं रोमहून संसर्ग झालेले डांस पिंजऱ्यांतून लंडनास आणविले व आपल्या तरुण मुलास त्यांच्याकडून चावून घेतलें. लंडनच्या स्वच्छ हवेंत बसलेल्या त्या मुलास यथाकाल ताप आला, रक्तांत जंतु सांपडले, आणि बरा झाल्यावर कित्येक महिन्यांनीं तोच ताप पुन्हां उलटला. या एका प्रयोगानें दोन गोष्टी सिद्ध झाल्या. दूषित हवेनें हिंवताप होतो, ही मलेरिया या नांवांतच गोंवलेली कल्पना खोटी ठरली. आणि माणूस प्रवासास गेला नाहीं तरी डांस प्रवास करून त्याच्याकडे येऊं शकतो, हेंहि कळलें.

येथें आमच्या प्रांताचाहि एक दुवा आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील ग्लेन लिस्टन हे वऱ्हाडांत एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें नोकरीस असतांना तेथील अॅनॉफिलीस डांसांचें वर्षभर निरीक्षण करीत होते. इ. स. १९०१ सालीं त्यांनीं त्यांतील एका जातीचें वर्णन प्रसिद्ध करून तीस अॅनॉफिलीस स्टीफेन्सी असें नांव दिलें. पुढें हेच लिस्टन परळच्या प्रयोगशाळेंत प्लेगाच्या संशोधनांत नांवारूपास आले. परंतु अचलपुरास ओळख पटलेला तो डांस मुंबईच्या इतिहासांत त्यांच्याहून अधिक काळ टिकावयाचा होता.

मुंबई बेट व त्याच्या उत्तरेची साष्टी यांची तापाबद्दलची कुप्रसिद्धि जुनी आहे. सतराव्या शतकांत येथें आलेल्या इंग्रजांत, नव्या माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशा अर्थाची म्हण पडली होती. दलदली बुजल्या, बेटें जोडलीं गेलीं, तरी ताप हटला नाहीं. इ. स. १९११ मध्यें डॉक्टर चार्ल्स बेन्टली यांनीं मुंबईच्या हिंवतापावर आपला अहवाल सादर केला, तेव्हां अपराधी निघाला तो चिखल नव्हे, तर घरोघरच्या विहिरींतील व टाक्यांतील स्वच्छ पाणी! अॅनॉफिलीस स्टीफेन्सीस गटाराची आवड नाहीं. माणसानें स्वतःसाठीं साठविलेलें निर्मळ पाणी त्यास पसंत पडतें. विहिरी बुजवाव्या अथवा डांस शिरणार नाहीं अशा झांकून घ्याव्या, असें ठरलें. परंतु विहीर म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तेथें दिवा लागे, नवस फेडले जात, पारशी कुटुंबें तेथें प्रार्थना करीत, हिंदूंच्या कित्येक धर्मकृत्यांस तिचेंच पाणी लागे. साहजिकच विरोध झाला. म्युनिसिपालिटीचे चिटणीस रुस्तम मसानी यांस या तंट्यांत विहिरींविषयींच्या श्रद्धांचा इतका मोठा सांठा हातीं आला कीं त्यांनीं १९१८ सालीं विहिरींच्या लोककथांवर इंग्रजींत एक ग्रंथच लिहिला. हिंवतापाच्या मोहिमेंतून लोकविद्येचें पुस्तक निघावें, हा योग जगांत दुसरीकडे क्वचितच आला असेल. पुढें १९२८ सालीं गॉर्डन कोव्हेल यांनीं मुंबईच्या हिंवतापाची पुन्हां पाहणी केली, तेव्हांहि विषय तोच, टाक्या, विहिरी व स्टीफेन्सी हाच होता.

उपनगरें त्या काळीं मुंबईच्या हद्दीबाहेर होतीं. अंधेरीपर्यंतचा व भांडुपपर्यंतचा मुलूख १९५० सालीं, आणि बोरिवली व मुलुंड यांचा भाग १९५७ सालीं महापालिकेंत आला. भातखाचरें, मिठागरें, विहार, तुळशी व पवई येथील तलाव, कान्हेरीचे डोंगर, असा हा साष्टीचा प्रदेश. तो बांधून निघाला तसें डांसाचें घरहि बदललें. खाचरें गेलीं, पण गच्चीवरील उघड्या टाक्या आल्या. विहिरी बुजल्या, पण बांधकामावरील पाण्याचीं पिंपें, ओला ठेवलेला स्लॅब व लिफ्टचे खड्डे आले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत वर्षास साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई व आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यांत डॉक्टर विश्वनाथन यांनीं धारवाड व कारवार जिल्ह्यांत डी. डी. टी. ची फवारणी करून दाखविलेल्या यशानंतर १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम निघाली, आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरांत उतरली. रोग संपला असें समजून हात सैल झाले. १९७६ सालीं ती संख्या पुन्हां चौसष्ट लाखांवर गेली. खुद्द मुंबईंत २०१० च्या पावसाळ्यानें असा हाहाकार केला कीं वर्षाअखेर सुमारें पाऊण लाख रुग्ण व शंभराहून अधिक मृत्यु नोंदले गेले. त्यानंतर मृत्यु पुष्कळ कमी झाले, हें महापालिकेच्या कीटकनाशक खात्याच्या व डॉक्टरांच्या श्रमांचें फळ होय. परंतु पावसाळा आला कीं हा ताप आजहि येतोच.

तेव्हां उपनगरांतील डॉक्टरास हिंवताप ओळखीचा नाहीं असें कोण म्हणेल? आमचें म्हणणें असें कीं, ही ओळखच कधीं कधीं घात करते. मुंबईच्या हिंवतापांत व्हायव्हॅक्स जातीचा वांटा मोठा आहे, आणि तो ताप हैराण करतो, यकृतांत सुप्त राहिलेल्या जंतूंमुळें महिन्यांनीं उलटतो, पण बहुधा जिवावर उठत नाहीं. त्यामुळें हिंवताप म्हणजे गोळ्यांनीं बरा होणारा पावसाळी ताप, असा एक ग्रह होऊन बसतो. उलट पावसाळा नसला कीं हिंवताप मनांतच येत नाहीं. शिवाय येथें त्याचे सोंग घेणारे पुष्कळ आहेत. डेंग्यूंत प्लेटलेट उतरतात, त्या हिंवतापांतहि उतरतात. लेप्टोस्पायरा जंतूच्या तापांत कावीळ होते व मूत्रपिंडें थकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या तापानें मुंबईंत जे बळी घेतले ते कोणी विसरलें नाहीं. गंभीर हिंवतापांतहि नेमकें तेंच होतें. अशा गर्दींत रोगी कोठून आला आहे हा एकच प्रश्न वाट दाखवूं शकतो, आणि तोच विचारावयाचा राहून जातो.

आमच्या डोळ्यांदेखतचा एक प्रसंग सांगतों. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा पश्चिम आफ्रिकेंत एका बंदराच्या बांधकामावर वर्षभर काम करून जानेवारींत घाटकोपरास परतला. दहाव्या दिवशीं त्यास ताप भरला. हवापालट झाला, थंडीचे दिवस आहेत, असें जवळच्या दवाखान्यांत सांगितलें गेलें व ताप उतरण्याच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनीं ताप उतरे, पुन्हां चढे. तिसऱ्या दिवशीं रक्त तपासलें तों प्लेटलेट फार कमी. म्हणून डेंग्यूचा संशय घेतला गेला. चौथ्या दिवशीं सकाळीं त्यानें आईस भलत्याच नांवानें हांक मारली, लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसूं लागले. रुग्णालयांत नेल्यावर बोटास सुई टोंचणाऱ्या मुलीनें सहज विचारलें, “दादा, बाहेरगांवीं गेला होतांत का?” उत्तर आईनें दिलें. त्या मुलीनें रक्ताच्या दोन कांचा केल्या, आणि अर्ध्या तासानें आंतून धांवत आलेल्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं शंभरांतील बारा रक्तपेशींत फाल्सिपेरमचे जंतु आहेत. शिरेंतून औषध तत्काल सुरू झालें. नऊ दिवस डायलिसिस करावें लागलें. मुलगा वांचला. पहिल्या दवाखान्यास दोष देणें सोपें आहे. परंतु तो परतल्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः त्याच्याजवळ बसून तेथील नद्यांच्या, रात्रींच्या व डांसांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मच्छरदाणी शेवटीं शेवटीं लावीत नव्हतों, प्रतिबंधक गोळ्याहि सोडून दिल्या होत्या, असें तो हंसत हंसत म्हणाला होता. त्या गोष्टींचा व या तापाचा संबंध चार दिवस आम्हांपैकीं कोणाच्याहि मनांत आला नाहीं. आमचें शिक्षण त्या वेळीं कोठें गेलें होतें, हा प्रश्न आम्ही अद्याप स्वतःस विचारतों.

या रोगास इतकी घाई कां, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. फाल्सिपेरमनें ग्रासलेल्या रक्तपेशी चिकट होतात व मेंदू, मूत्रपिंडें, आंतडीं यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून बसतात. बोटांतून काढलेल्या रक्तांत दिसतात ते फक्त कोंवळे, अंगठीच्या आकाराचे जंतु. वाढलेले खोल दडलेले असतात. म्हणून कांचेवर थोडे दिसले तरी शरीरांत पुष्कळ असूं शकतात, आणि एक कांच निर्दोष निघाली म्हणजे रोग नाहीं असें म्हणतां येत नाहीं. बारा ते चोवीस तासांच्या अंतरानें निदान तीनदां रक्त पाहावें, जाड थेंबाची व पातळ पसरलेली अशा दोन्ही कांचा पाहाव्या, हा नियम याचसाठीं आहे. जाड थेंबांत जंतु लवकर सांपडतो, पातळ कांचेंत त्याची जात व प्रमाण कळतें. हल्लीं पंधरावीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्याहि मिळतात व त्या फार उपयोगी आहेत. परंतु कांहीं जंतूंत पट्टीस ओळखू येणारा पदार्थच नसतो, आणि रोग बरा झाल्यावरहि पट्टी कांहीं आठवडे होकार देत राहते. तेव्हां सूक्ष्मदर्शकापुढें बसणाऱ्या माणसास अद्याप पर्याय नाहीं.

रोग गंभीर झाला हें ओळखण्याच्या खुणा जागतिक आरोग्य संघटनेनें ठरवून दिल्या आहेत. शुद्ध हरपणें अथवा भ्रम होणें, आधारावांचून उठून बसतां न येणें, एका दिवसांत दोहोंहून अधिक झटके येणें, श्वास खोल व जलद चालणें, कावीळ, लघवी कमी होऊन रक्तांतील क्रिएटिनिन ३ मिलिग्रॅमच्या वर जाणें, रक्तांतील साखर ४० मिलिग्रॅमच्या खालीं उतरणें, प्रौढांत हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खालीं जाणें, रक्तस्राव, फुफ्फुसांत पाणी सांचणें, नाडी क्षीण होणें, आणि दहा टक्क्यांहून अधिक रक्तपेशींत जंतु असणें. काविळीस मात्र रक्तांतील जंतूंच्या मोठ्या संख्येची जोड असावी लागते. यांपैकीं एकहि खूण दिसली तर तोंडावाटे गोळ्या देऊन घरीं ठेवण्याचा काळ संपला असें समजावें.

औषधाचा इतिहासहि प्रवासाचाच आहे. दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना वृक्षाच्या सालींतून पेलत्ये व काव्हांतू यांनीं १८२० सालीं क्विनीन काढलें. १८६० नंतर त्या वृक्षाचीं रोपें नीलगिरींत लागलीं. आणि आमच्या आज्या काडेचिराइताच्या काढ्याशेजारीं त्याच कडू पुडीस कोयनेल म्हणून फडताळांत ठेवूं लागल्या. पुढें क्लोरोक्विन आलें; फाल्सिपेरमवर तें निष्प्रभ होत असल्याचें हिंदुस्थानांत प्रथम १९७३ सालीं आसामांत आढळलें. चीनमध्यें तू यूयू यांनीं १९७२ च्या सुमारास एका रानटी वनस्पतींतून आर्टेमिसिनिन वेगळें केलें, व त्याबद्दल त्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापासून केलेलें आर्टेसुनेट व जुनें क्विनीन यांची आशियांतील १४६१ गंभीर रोग्यांवर तुलना झाली, तिचा निकाल २००५ सालीं प्रसिद्ध झाला. क्विनीन दिलेल्यांत शंभरीं बावीस मेले, आर्टेसुनेट दिलेल्यांत पंधरा. आर्टेसुनेट कोंवळ्या जंतूंसच, ते रक्तवाहिन्यांस चिकटण्यापूर्वीं, मारतें; हें या फरकाचें एक कारण होय. परंतु शंभरांतील पंधरा मेलेच, हेंहि विसरून चालणार नाहीं. उत्तम औषधासहि हरवलेले दिवस परत आणतां येत नाहींत.

आतां प्रवासी या शब्दाविषयीं दोन शब्द. विमानांतून उतरणारा तेवढाच प्रवासी, अशी आमची समजूत असते. महाराष्ट्रांत फाल्सिपेरमचें मोठें ठाणें गडचिरोलीच्या जंगलांत आहे. ओरिसा, झारखंड, छत्तीसगड येथेंहि तो पुष्कळ आहे. अंधेरीच्या व मुलुंडच्या गगनचुंबी इमारती बांधणारे मजूर याच मुलखांतून येतात, सणास गांवीं जातात व परततात. मुंबईंत वर्षानुवर्षें राहिल्यानें लहानपणीं अंगीं आलेली थोडीबहुत प्रतिकारशक्ति ओसरलेली असते. मुंबईंतच जन्मलेल्या त्यांच्या मुलांस ती मुळींच नसते. या लोकांस कोणी प्रवासी म्हणत नाहीं, त्यांच्या पारपत्रावर शिक्का नसतो, आणि कोठून आलांत हा प्रश्न त्यांस औषधासाठीं क्वचितच, संशयानें मात्र वारंवार विचारला जातो. ताप लपविला तर मजुरी टिकते, सांगितला तर बुडते, अशा स्थितींत ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीं येतात. डायलिसिसच्या यंत्रापर्यंत त्यांतील किती पोंचतात, याचा विचार वाचकांनींच करावा.

आणि प्रवासाची दिशाहि आतां एकच राहिलेली नाहीं. लिस्टन यांनीं अचलपुरास ओळखलेला तो डांस २०१२ सालीं आफ्रिकेंतील जिबुती येथें सांपडला, आणि त्यानंतर इथिओपिया वगैरे देशांत पसरला. आफ्रिकेंतील हिंवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा रोग होता. मुंबईच्या टाक्यांत वाढण्यास चटावलेला हा डांस तेथील शहरांतहि सुखानें नांदेल, अशी तज्ज्ञांस भीति वाटते. परदेशांतून आलेल्या रोगाबद्दल कुरकुर करतांना, आमच्याकडून काय गेलें याचीहि आठवण ठेवणें न्यायाचें होईल.

दारीं आलेल्या पाहुण्यास गुळपाणी देतां देतां “कोठून आलांत?” असें विचारण्याची आमच्या घरांत जुनी रीत आहे. तापास हाच प्रश्न विचारावयाचा. गेल्या वर्षभरांत कोठें गेला होतांत, परत केव्हां आलांत, तेथें रात्र कोठें काढलीत, हीं तीन वाक्यें विचारण्यास एक मिनिटहि लागत नाहीं. आणि डॉक्टर विसरले तर रोग्यानें अथवा त्याच्या माणसांनीं न विचारतां सांगावीं. रावेरखेडीच्या छावणींतील तापास कोणीं काय विचारलें, व विचारून तरी त्या काळीं काय साधलें असतें, कोण जाणे! त्या तापाचें नांव आतां कधींहि कळावयाचें नाहीं. घाटकोपरच्या त्या मुलाच्या तापाचें नांव मात्र कळलें, आणि तें एका सुई टोंचणाऱ्या मुलीच्या सहज प्रश्नानें कळलें. तो मुलगा यंदा पुन्हां आफ्रिकेस गेला आहे. जातांना त्यानें मच्छरदाणी बॅगेंत सर्वांत वर ठेवली, आणि परतण्याची तारीख त्याच्या आईनें स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर लिहून त्यापुढील तीस घरांवर तांबड्या शाईनें रेघ ओढून ठेवली आहे.